न्यूझीलंडचा हाका

शिकार रक्तातच असावी लागते, असं मी वलवणच्या पारावर सांगून टाकलं आणि तिथेच फसलो. न्यूझीलंडच्या डोंगरांत परवाना काढून हरणं मारता येतात, हे मी मोबाइलवर पाहिलं होतं. लगेच एप्रिलचा बेत जाहीर केला. खरं सांगतो, माझ्या हातून आजवर झुरळसुद्धा नीट मेलेलं नाही. पण ते पारावर कशाला सांगायचं? उलट तरुणपणी मारलेल्या रानडुकरांचे दोन किस्से ऐकवले.

माझे चुलते श्रीपतीआबा सुपारी कातरत होते. म्हणाले, "हाका कोन घालनार?"

"कसला हाका, आबा?"

"आरं, रान उठवायला मानसं नकोत व्हय? डबं बडवल्याबिगर जनावर म्होरं येतंय का कुटं?"

तिथे एक गाइड असतो आणि तो गुपचूप चालायला लावतो, असं मी समजावलं. आबांना गाइडची कीव आली. रिसॉर्टला जमिनी विकल्यापासून आमच्या गावात पैसा आहे, पण कामाची फार टंचाई आहे. आठवड्याभरात आबा धरून अकरा हाकाऱ्यांनी पासपोर्टचे अर्ज भरले. बारावी माझी बायको, सविता. म्हणाली, "वरडायची सवय मला हाय. तुमी फकस्त बंदूक धरा."

मग पासपोर्टच्या चौकशीला हवालदार आले. पारावरच बसून त्यांनी आबांना विचारलं, "हा गोरख माणूस कसा आहे?"

पुतण्याचं काम अडू नये म्हणून आबांनी जीव तोडून साक्ष दिली. "लय मोठा शिकारी. पंचवीस डुकरं मारल्याती. येक बिबट्या बी."

बिबट्या आबांनी पदरचा घातला होता. बाकीच्यांनी माना डोलावल्या.

हवालदारांचं पेन थांबलं. "शिकारीला बंदी आहे, माहीत आहे ना? हे खरं असेल तर वनखात्याला कळवावं लागेल, मग पासपोर्ट विसरा. थापा असतील तर आत्ता सगळ्यांसमोर सांगा. मी काही लिहीत नाही."

अख्खा पार माझ्याकडे बघत होता. एक वाक्य बोललो असतो तर विमानात बसलो असतो. मी तोंड उघडलं, आणि आबांचा अभिमानाने फुललेला चेहरा दिसला.

"साहेब," मी म्हणालो, "बिबट्या नव्हता."

"आणि डुकरं?"

"डुकरं मोजली नाहीत."

माझा पासपोर्ट अडला, बाकी सगळ्यांचे आले. आता दर सोमवारी मी वनखात्याच्या कचेरीत जाऊन, मी मारलेली डुकरं मी मारलेलीच नाहीत, हे पटवत बसतो. साक्षीदार आल्याशिवाय चौकशी संपत नाही, आणि साक्षीदार सगळे न्यूझीलंडला गेलेत.

काल आबांचा फोन आला. पहिल्या दिवशी मंडळींनी डबे बडवून अख्खं खोरं रिकामं केलं आणि गाइड डोकं धरून बसला. दुसऱ्या दिवशी सविताने सगळ्यांना गप्प बसवलं, गाइडकडून बंदूक धरायला शिकली आणि एकटीच त्याच्यामागून डोंगर चढली. पाठोपाठ तिचा फोटो आला. केवढं थोरलं हरीण, आणि शेजारी बंदूक घेऊन आमची सविता!

मला रडूच यायचं बाकी होतं. तरी फोटो गावच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, 'मार्गदर्शन : गोरखभाऊ.'