जागेश्वरचा सनसेट पॉइंट

सोमाजीच्या हाटेलाच्या दारात उभं राहून सोमाजीचंच गिऱ्हाईक पळवायचं, असं काही जागेश्वरने ठरवलेलं नव्हतं. ते आपलं तोंडातून निघून गेलं.

रविवार होता, बाराचा सुमार. नाकाडोंगरीकडचं हे गाव डोंगराच्या पायथ्याशी, आणि अभयारण्याचं गेट गावाला लागूनच. त्या गेटाजवळ सोमाजीचं एकुलतं एक हाटेल. जागेश्वर तिथे चहा पीत होता. तेवढ्यात पुण्याची एक पांढरी गाडी थांबली आणि काच खाली करून मनिष नावाच्या तरुणाने विचारलं, “काका, इथे जवळपास चांगलं जेवण कुठे मिळेल?”

आता हा प्रश्न जागेश्वरला विचारायचा नसतो. दारी आलेल्या माणसाला हाटेल दाखवायचं म्हणजे त्याच्या लेखी गावाच्या तोंडाला काळं फासणं.

“हाटेलात कायले जेवता जी? आमी काय मेलो काय? घरी चला. जेवन तयारच हाय!”

कढईवरचा सोमाजीचा झारा हवेतच राहिला. “जागेश्वर, लेका, मी काय इथं भजन करून राहिलो काय?”

मनिषने दोनदा नको म्हटलं. जागेश्वरने तीनदा आग्रह केला. मागच्या सीटवर मनिषचे वडील लक्ष्मणराव होते. त्यांचं ताट गेली चाळीस वर्षं साडेबाराला वाढलं जात होतं. ते म्हणाले, “घरचं आहे ना? मग चला.” मनिषची बायको प्रतिक्षा मात्र घड्याळाकडे बघत म्हणाली, “तीनची सफारी आहे हं आपली. उशीर झाला तर गेट बंद.”

“अडीचले तुमी मोकळे!” जागेश्वर ऐटीत पुढच्या सीटवर बसला.

घराचं वळण आलं आणि मग त्याला आठवलं. परवा गावची मंडई, म्हणजे जत्रा. त्यासाठी घरात चुना मारणं चाललेलं. भांडीकुंडी सगळी अंगणात, चूल सकाळीच लिपलेली म्हणजे ओली गच्च, आणि गॅसचं सिलिंडर गुरुवारीच संपलेलं. नवरा-बायको दोघं आज शेजारच्या सत्यभामाबाईंकडे जेवणार होती. आणि जागेश्वरला खरं तर बायकोने चुन्यात टाकायला नीळ आणायला धाडलं होतं.

गाडी चावडीपाशी थांबवून तो धावतच घरात शिरला. सुलोचनाबाई हातात कुंचा घेऊन स्टुलावर उभ्या होत्या.

“पाहुने आले वो. तीन झनं. जेवाले.”

“कवा?”

“आलेच. गाडीत बसले हायेत.”

सुलोचनाबाईंनी कुंच्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे पाहिलं. यातलं कोणतं कोणावर मारावं, असा विचार त्यांच्या डोळ्यांत साफ दिसत होता. “मी तुमाले नीळ आनाले धाडलं होतं का पाहुने?”

“आता नाही म्हनू काय? जेवन तयार हाय म्हनून बसलो मी. गावाची इज्जत जाईन!”

“गावाची नाही, तुमची.” पण त्याही त्याच मातीतल्या. उंबऱ्यापर्यंत आलेला माणूस उपाशी परत जाणार म्हटल्यावर त्या स्टुलावरून उतरल्याच. “जा, तासभर फिरवा त्याईले. जेवन झालं का मी दोरीवर लाल लुगडं टाकीन. थे दिसल्याबिगर येऊ नोका.”

“फिरवू कुठं?”

“जंगल पाहाले आले ना? मंग दाखवा कायबी!”

तसं दाखवायची जागेश्वरला जन्माची हौस. जिल्हा फुटला आणि नागझिरा, नवेगाव ही मोठी जंगलं गोंदियाकडे गेली, तेव्हापासून त्याला वाटणीत फसवल्यासारखं वाटायचं. “दुभत्या म्हशी त्याईले, आन खुंटे आमाले,” असं तो चावडीवर वर्षानुवर्षं सांगत आला होता. आज खुंटे दाखवायची वेळ आली होती.

“जेवनाआधी जरा पाय मोकळे करू जी,” म्हणत त्याने पाहुण्यांना गावतलावावर नेलं. “हा पानवठा पॉइंट. पाहाटे इथं अस्वल पानी प्याले येते.”

“आता साडेबारा झालेत,” लक्ष्मणराव म्हणाले.

“म्हनूनच भेव नाही!”

तिथून चढावर एक वारूळ होतं. “हा अस्वल पॉइंट. वारूळ फोडून अस्वल वाळवी खाते.”

“त्याला तरी वेळेवर मिळतं,” लक्ष्मणराव पुटपुटले.

पुढे एक चपटा दगड लागला. तो वाघाची बैठक झाला.

“वाघ बसतो इथे?” प्रतिक्षाने डोळे मोठे केले.

“बसत असन. बसासारखी जागा तर हाय.”

इतक्यात खाली जागेश्वरच्या अंगणात दोरीवर लाल लुगडं फडकलं. “चला चला, जेवन थंडं होऊन राहिलं!” म्हणत त्याने सगळ्यांना जवळजवळ पळवतच खाली आणलं. दारात सुलोचनाबाई आडव्या उभ्या. अंगणात तीन विटांवर भाताचं पाणी नुसतं उकळत होतं. मदतीला आलेल्या सत्यभामाबाईंनी आपलं ओलं लुगडं दोरीवर वाळत घातलं होतं, आणि तेही नेमकं लालच होतं.

बायकोचे डोळे पाहून जागेश्वर जागच्या जागी फिरला. “अरे, सनसेट पॉइंट तर राहूनच गेला!”

“काका, सव्वा वाजलाय,” मनिष म्हणाला.

“मंग जागा तर पाहून ठेवा. आयत्या वक्ती कुठं शोधान?”

पुन्हा चढण. आता लक्ष्मणराव दर दहा पावलांवर थांबत होते. डोंगराच्या माथ्यावर एक सपाट खडक होता. जागेश्वर तिथे फक्त चुकलेला बैल शोधायला येत असे. सगळे दम खात बसले. खाली कापलेल्या धानाच्या कडपा पसरलेल्या, तलावात बगळे, आणि वाऱ्याला धानाचा वास. मनिषचा फोन दोनदा वाजला, त्याने तो बंद करून खिशात टाकला. जागेश्वरनेही पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि त्याला मनापासून बरं वाटलं. बेस दिसते लेका आपलं गाव, असं तो मनाशी म्हणाला.

सव्वादोनला दोरीवर एकाशेजारी एक दोन लाल लुगडी दिसली. आता खात्री पटली.

ताटात काय नव्हतं? नव्या तांदळाचा भात, लाखोरीच्या डाळीचं वरण, वांग्याची भाजी, अंबाडीची भाजी, टमाट्याची चटणी, एका घरचं लोणचं आणि दुसऱ्या घरचे पापड. भुकेला कोंडा नि निजेला धोंडा म्हणतात, इथे तर साक्षात लोण्यासारखा भात होता. दोनदा चढण चढून आलेली माणसं ताटावर तुटून पडली.

“मावशी, वांग्याला काय घातलंत?” प्रतिक्षाने विचारलं.

सुलोचनाबाईंनी पदराने घाम पुसला. भिंतीपलीकडून सत्यभामाबाईंचा आवाज आला, “जवस, बाई, जवस! भाजून कुटलेला!”

“आणि अंबाडीला?”

“थे मी नाही केली. थे मागच्या गल्लीतली हाय!”

चौथ्यांदा भात घेऊन लक्ष्मणराव उठले ते अंगणातल्या बाजेवर आडवे झाले. तीन वाजले. सव्वातीन झाले. गेट बंद झालं असणार. जागेश्वर अंगणात येरझारा घालायला लागला. आपल्या फुकटच्या फुशारकीपायी लोकांचा वाघ हुकला. त्याने बाजेपाशी जाऊन हात जोडले.

“साहेब, माफ करा. जेवन तयार नव्हतं. मी लबाड बोललो जी.”

लक्ष्मणरावांनी डोळे उघडले नाहीत. “ते आम्हाला वारुळापाशीच कळलं. तुमच्या घरच्या बाई पातेलं घेऊन घरोघर फिरत होत्या, वरून स्वच्छ दिसत होतं. लाल लुगड्याचंही आम्ही ताडलं होतं.”

“मंग बोलले काहून नाही जी?”

“दर घरी पातेलं भरत होतं. म्हटलं, थांबण्यातच फायदा आहे.”

मंडई झाली, चुना वाळला. आणि पुढच्या रविवारी चावडीपाशी एकदम तीन गाड्या येऊन उभ्या राहिल्या. प्रतिक्षाने फोनवर सगळ्या गोतावळ्याला यादी पाठवली होती. एका आजोबांनी ती कागदावर उतरवून आणली आणि मोठ्याने वाचली, “पाणवठा पॉइंट, अस्वल पॉइंट, वाघाची बैठक, सनसेट पॉइंट. जेवण सुलोचनाबाईंकडे. लाल लुगडं दिसल्याशिवाय खाली उतरू नये.”

सुलोचनाबाईंनी नवऱ्याकडे नुसतं पाहिलं. यावेळी चूल कोरडी होती, सिलिंडर भरलेलं होतं, सत्यभामाबाईंनी सकाळीच वांगी चिरायला घेतली होती. जागेश्वरने चौदा माणसं सगळ्या पॉइंटांवरून फिरवली, एका आजीला तर पाठीवर घेऊन उतरवलं आणि शेवटी तीन वाजता घरी आला.

“माहं ताट वाढ वो.”

सुलोचनाबाईंनी भाताचं पातेलं पालथं करून दाखवलं. “सरलं. आजच्या दिवस हाटेलात जेवा.”

“हाटेलात?” जागेश्वरने पंगतीच्या टोकाकडे बोट दाखवलं. “हाटेलात मले वाढन कोन? हाटेलवाला थो काय बसला, भाताले वरन मागून राहिला!”

सोमाजीने ताटातून मान वर केली नाही. “काय करू जागेश्वर? तूच तं म्हनत होता, घर असल्यावर हाटेलात कायले जेवता?”