कवडी कोंबडी आणि उबवणी पाहणी योजना

मुलांनो, आधी एक कबूल करते. गेल्या वर्षी मी हौसेनं परसात मेथी पेरली. मग रोज सकाळी बोटानं माती उकरून बघायची, उगवली का. शेजारणीचा वाफा हिरवागार झाला. माझ्याकडे नुसती भुसभुशीत माती. मी जाऊन बियाणंवाल्याशी भांडून आले. वय वर्षं चव्वेचाळीस.

तर अशा बाईनं सांगितलेली गोष्ट आहे. बेतानंच ऐका.

एका जंगलात गोदाक्का नावाची सशीण राहायची. तिचं छोटंसं वावर होतं. नवरा भाजीला पाणी द्यायचा, ती खुरपायची. भाजीवरचे किडे कोंबड्या खायच्या, कोंबड्यांचं खत भाजीला पडायचं. कुणी कुणाला काही शिकवलं नव्हतं.

एका वर्षी साथ आली आणि खुराडं ओस पडलं. उरली एकटी कवडी कोंबडी आणि एक कोंबडा. कोंबडा फक्त आरवायचा.

मग कवडी खुडूक झाली. म्हणजे फुगून एका जागी बसली, उठेचना. गोदाक्कानं जपून ठेवलेली अकरा अंडी तिच्याखाली सरकवली. एकवीस दिवस ऊब मिळाली तर खुराडं पुन्हा भरणार होतं. नाहीतर कोंबड्या संपल्या, आणि किडे मोकळे.

हे जंगलाच्या कचेरीत कळलं. दुसऱ्याच दिवशी बगळेसाहेब आले. सोबत पथक.

"उबवणी पाहणी योजना," साहेब म्हणाले. "दिवसातून चार वेळा."

त्यांनी कवडीला उठवलं. एकेक अंडं हातात घेतलं, उन्हात धरलं, त्यावर नंबर घातला, फोटो काढला.

"साहेब, गार पडतील हो," गोदाक्का म्हणाली.

"पारदर्शकता नको का, बाई?"

"अहो, पण तिला बसू तर द्या."

"बसूनच आहे की ती! तेच तर तपासायला आलोय."

तिसऱ्या दिवशी कवडी म्हणाली, "अक्का, मी आई आहे की उठाबशा काढणारी?"

गोदाक्कानं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं वाफ्याकडे बघितलं. वाफ्यात पांढरी, गोल वांगी लागली होती.

पथक जेवायला गेलं तेवढ्यात कवडी आपल्या अंड्यांसकट भोपळ्याच्या वेलाखाली गेली. तिच्या रिकाम्या टोपलीत गोदाक्कानं अकरा वांगी ठेवली, नंबर घालून. वर कोंबड्याला बसवलं.

"मला नाही जमणार," कोंबडा म्हणाला.

"गप बस," गोदाक्का म्हणाली. "तेवढंच काम आहे."

पथकाला फरक कळला नाही. फॉर्मवर 'पक्षी: एक' एवढंच होतं.

पाहणी जोरात चालली. वांगी पिवळी पडली. साहेबांनी लिहिलं, 'रंगात समाधानकारक बदल.' वांगी सुरकुतली. साहेबांनी लिहिलं, 'आतून हालचाल सुरू.' वास सुटला तेव्हा मात्र तज्ज्ञ बोलावले. ते म्हणाले, सुरुवातीला असं होतंच.

एकविसाव्या दिवशी मांडव पडला. उद्घाटनाला हत्तीसाहेब आले. फीत कापली. टोपलीवरचं फडकं दूर केलं.

"ही अंडी अशी का?" हत्तीसाहेबांनी विचारलं.

"उबवणी प्रगतिपथावर आहे, साहेब. फक्त मुदतवाढ लागेल."

तेवढ्यात भोपळ्याची पानं हलली. कवडी बाहेर आली. मागे नऊ पिल्लं, चिवचिव करत. दोन तर थेट बगळेसाहेबांच्या पायांमधून गेली.

"आणि ही?" हत्तीसाहेब म्हणाले.

बगळेसाहेबांनी फाईल चाळली. "यांची नोंद नाही, साहेब. ही योजनेबाहेरची आहेत."

"म्हणजे?"

"म्हणजे नाहीत."

"नाहीत तर नाहीत," गोदाक्का हात जोडून म्हणाली. "नसू द्या साहेब, म्हणजे नीट वाढतील."

मग टाळ्या झाल्या. वांग्यांना हार घातला. कोंबड्याला आदर्श मातेचा पुरस्कार मिळाला. त्यानं भाषण केलं, फार हृद्य.

तात्पर्य: मुलांनो, कष्ट नेहमी सर्वांसमोर आणि प्रामाणिकपणे करावेत. फक्त ज्यातून काही निघायला हवं असेल, तेवढे लपून करावेत.

ही गोष्ट मी माझ्या जाऊबाईंना, शेवंतावहिनींना, वाचून दाखवली. त्यांच्या दहा-बारा कोंबड्या आहेत, वांग्याचे दोन वाफे आहेत आणि महिन्याला कुठलंतरी पथक येतं. त्या भाजी निवडत शेवटपर्यंत शांतपणे ऐकत होत्या.

"कशी वाटली, वहिनी?" मी विचारलं.

"वांगी दर चार दिवसांनी बदलायची असतात," त्या म्हणाल्या.