खर्जावरचा पूल

हे बाहेर सांगू नकोस असं मला बजावलं आहे, पण आमच्या सोनखडकचा पूल खांबांवर नाही, खर्जावर उभा आहे. पुलाखालच्या खडकांवर चौघे जण उभे राहून अगदी खालचा सूर लावतात आणि त्या सुरावर पूल राहतो. बाहेर सांगायचं नाही, कारण एकदा कळलं की गाडीवाले भीतभीत, हळू जातात, आणि तेवढा वेळ आम्हाला श्वास पुरवावा लागतो.

हेमांगी गुरव ही त्या चौघांतल्या नानांची नात. तिचा आवाज लहानपणापासून नानांपेक्षाही खाली. शाळेत त्याचं कुणाला कौतुक नव्हतं. प्रार्थनेच्या वेळी बाई म्हणायच्या, "तू नुसते ओठ हलव." मग ती इतर वेळीही नुसते ओठच हलवू लागली.

यंदा बांधकाम खात्याचे कोटणीस साहेब पूल तपासायला आले. पूल नापास झाला तर सिमेंटचे खांब येणार होते. पिढ्यान्‌पिढ्या पूल तोलणाऱ्या घराचं नाक कापलं जाणार होतं.

"तुम्ही रजेवर गेलात तर?" साहेबांनी विचारलं.

"मागे आजारी पडलो तेव्हा तुमच्याच खात्यानं तिबेटचे लामा पाठवले होते," नाना म्हणाले. "आवाज काय तो! पण इतका खोल, की पूल जागेवर राहिला आणि नदीच खाली गेली. पाणी शेंदायला बायकांना दोर वाढवावे लागले."

"नंतर जॉर्जियाचं गाणारं पथक दिलं होतं ना?"

"सोन्यासारखी माणसं. पण एक गाणं झालं की पंगत. अन् पंगत बसली की वाहतूक बंद."

साहेबांनी मान डोलावली आणि भरलेली एसटी पुलावर सोडायला सांगितली.

एसटी बरोबर मध्यावर आली आणि नानांना ठसका लागला. पूल उजवीकडे कलला. ड्रायव्हर खिडकीतून ओरडला, "अहो नाना, डबे सांडले की सगळ्यांचे!" बाकीचे तिघे लालबुंद होऊन सूर ताणत होते. नानांनी खोकताखोकता हेमांगीकडे पाहिलं आणि ते आपल्या खडकावरून खाली उतरले.

शाळेच्या बाई त्या एसटीतच बसल्या होत्या. हेमांगीने त्यांच्याकडे एकदा पाहिलं, ती खडकावर चढली, तिने डोळे मिटले आणि सूर लावला. पुलाची कललेली बाजू सावकाश वर आली, सरळ झाली, आणि मग अख्खा पूल नेहमीपेक्षा हातभर उंच गेला. एसटी पलीकडे उडी मारूनच उतरली. नाना काठावर बसून ऐकत होते, मान ताठ, डोळे ओले.

"मुलगी अल्पवयीन आहे," साहेब म्हणाले.

"तुमचे सिमेंटचे खांब उद्घाटनाला किती वर्षांचे असतात?" नानांनी विचारलं.

साहेबांनी जरा विचार केला आणि पूल पास केला.

आता शाळेची प्रार्थना हेमांगीच सुरू करते. ती हजेरीला "हजर" म्हणते तेव्हा पुढची बाकं किंचित वर उचलली जातात. बाई शांतपणे टेबलावरचा खडूचा डबा धरून ठेवतात.

शाळा सुटली की नानांच्या खडकावर तीच उभी राहते; फक्त तिच्या जेवणाच्या वेळी बदली माणूस लागतो. त्यासाठी तिने वर्गातल्या सगळ्यांचे आवाज ऐकले, माझाही ऐकला, आणि—

"चारू, अगं ए चारू! उसाची ट्रॉली आलीय, अन् हेमांगीचं ताट वाढलंय!" नाना हाक मारतायत.

आले, आले. सांगायचं होतं ते एवढंच, की माझा आवाजसुद्धा काही कमी खालचा ना—