ब्लॉक सी, रांग चौदा, खुर्ची नऊ

"तुम्ही नका येऊ, तुम्हाला कंटाळा येईल," असं बायको म्हणाली आणि त्याच क्षणी मी जायचं ठरवलं. तोंडानं मात्र "बरं" म्हणालो. लग्नाला एकतीस वर्षं झाली की माणूस मनात एक ठरवतो आणि तोंडानं "बरं" म्हणतो, हे काही मी वेगळं सांगायला नको.

कशाला जायचं होतं ते आधी सांगतो. कोरियातल्या सात मुलांचा गाण्याचा कार्यक्रम होता. ही मुलं गातात, नाचतात आणि रडतात. तिन्ही एकदम. माझी बायको शाळेत भूमिती शिकवते. दोन वर्षांपूर्वी ती शाळेच्या जिन्यावरून पडली, घोट्याचं हाड मोडलं आणि दीड महिना पाय प्लास्टरमध्ये घालून पलंगावर बसून राहिली. परगावी नोकरी करणाऱ्या आमच्या मुलीनं आईला विरंगुळा म्हणून या मुलांचा एक व्हिडिओ पाठवला. पुढं प्लास्टर निघालं. मुलं राहिली.

तेव्हापासून आमच्या दोन खोल्यांत आम्ही नऊ जण राहतो आणि त्यातले आठ जण एकमेकांशी बोलतात. मी ऑफिसातून येतो, बूट काढतो, "आलो गं" म्हणतो. कानाला हेडफोन लावलेली बायको हात वर करते. हा हात 'कळलं' असा असतो की 'थांबा, एवढं कडवं संपू दे' असा, ते मला अजून उमगलेलं नाही. पूर्वी ती माझ्याशी कडाकडा भांडायची. ओला टॉवेल गादीवर टाकला म्हणून तर आमचं आठवड्यातून दोनदा व्हायचं. एकदा मी टॉवेल मुद्दाम गादीवर टाकून बघितला. तिनं तो गुणगुणत उचलला, वाळत घातला आणि परत येऊन व्हिडिओ पुढं सुरू केला. त्या दिवशी मला फार एकटं वाटलं.

सातांतला सगळ्यात लहान तिचा लाडका. त्याचं नाव तिला म्हणता येतं, मला येत नाही, म्हणून घरात तो नुसता 'धाकटा'. सुरुवातीला मला हेही माहीत नव्हतं. एकदा ती डोळे पुसत स्वयंपाकघरात आली.

"धाकट्याच्या गुडघ्याला लागलंय हो."

"अरेरे! कधी?"

"काल. तरी हसत होता बिचारा."

मी लगेच तिच्या धाकट्या भावाला फोन लावला. म्हटलं, गुडघ्याला जपा, जिने चढू नका. तो म्हणाला, "भाऊजी, गुडघा ठणठणीत आहे. पण तुम्ही सहा वर्षांनी स्वतःहून फोन केलात. तुमचं सगळं ठीक आहे ना?" (ठीक नव्हतं. पण गुडघ्याच्या चौकशीतून एकदम तिथं कसं पोचायचं?)

तर मी जायचं ठरवलं. हेतू अगदी साधा होता. कार्यक्रम संपला की तिला गाठायचं, "अगं, मीही आलो होतो" म्हणायचं आणि परतीच्या बसमध्ये शेजारी बसून दोघांनी एकाच गोष्टीवर बोलत यायचं. त्या वेळी आम्हा दोघांना मिळून बोलायला एकच विषय उरला होता, तो म्हणजे बेसिनचा गळका नळ. आणि मागच्या महिन्यात मी मूर्खासारखा तो दुरुस्त करून घेतला होता.

मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक विभागात कारकून आहे. आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद करायची, नंबर टाकायचे आणि ज्या-त्या टेबलावर धाडायची, हे माझं तीस वर्षांचं काम. त्यामुळे तयारी मी रीतसर फाईल उघडून केली. दर पानावर एक मुलगा: फोटो, नाव, स्वभाव, केसांचा रंग. निळे केस म्हणजे थोरला, जांभळे केस म्हणजे नाचणारा, गुलाबी म्हणजे आपला धाकटा. दुपारच्या सुट्टीत आमच्या टायपिस्टबाई माझी तोंडी परीक्षा घ्यायच्या. सातपैकी सहापर्यंत मजल गेली होती. कार्यक्रमाला तीन दिवस राहिले आणि सातही जणांनी केस काळे केले.

बायकोचं तिकीट चुंबकानं फ्रीजवर लावलेलं होतं: ब्लॉक सी, रांग चौदा, खुर्ची नऊ. पाणी प्यायला गेलं की दिसायचं, त्यामुळे पाठच झालं. मला मिळालं ते ब्लॉक एच, रांग चाळीस. म्हणजे ती स्टेजच्या अल्याड आणि मी पल्याड, छताला डोकं लागेल अशा जागी.

त्या दिवशी ती सकाळी सहालाच निघाली. बरोबर तिच्या फोनवरच्या चार मैत्रिणी. सगळ्या विशीतल्या, तिला 'टीचर' म्हणणाऱ्या. मी खिडकीतून हात हलवला. तिनं वर बघितलं नाही. दुपारी मी इस्त्रीचा शर्ट, वर स्वेटर, असा निघालो आणि त्या भल्यामोठ्या बंदिस्त हॉलमध्ये साडेतीनला जाऊन बसलो. बारा हजार माणसं असतील. बहुतेक सगळ्या मुली. आजूबाजूला टक्कल असलेला मी एकटाच.

शेजारच्या खुर्चीवर कॉलेजातली एक मुलगी होती. गालांवर चमचमते तारे चिकटवलेले.

"काका, मुलीला सोडायला आलात?"

"नाही, बघायला आलोय."

"खरंच? मग तुमचा सगळ्यात लाडका कोण?"

"माझी बायको."

"अहो काका, सातांपैकी!"

"थोरला," मी म्हणालो. (थोरला अठ्ठावीसचा आहे. त्यातल्या त्यात तोच माझ्या वयाचा.)

मग तिनं मला दिव्याचं समजावलं. प्रत्येकाच्या हातात एक दिवा असतो, मुठीएवढा गोळा आणि खाली दांडी. तो फोनला जोडायचा आणि फोनमध्ये खुर्चीचा नंबर भरायचा. मग कुठल्या खुर्चीचा दिवा कधी कुठल्या रंगाचा होणार, ते हॉलचं मशीन ठरवतं. मी दारातच दिवा घेतला होता. फोन काढला. पडद्यावर प्रश्न आला: ब्लॉक? रांग? खुर्ची?

आता माझी बाजू समजून घ्या. तीस वर्षं मी पाकिटांवर नंबर घालतोय. पाकीट कुठं पडलंय त्याचा नंबर कुणी त्याच्यावर घालत नाही. ते जिथं पोचायला हवं तिथला घालतात. मी बिनदिक्कत भरलं: सी, चौदा, नऊ. भरल्यावर नंबर दोनदा तपासून बघितला, हेही कबूल करतो. आपला दिवा तिच्या दिव्याशी जोडला गेला असं काहीतरी मला वाटलं.

अंधार झाला, किंकाळ्या उठल्या आणि दिवे लागले. आमचा अख्खा ब्लॉक निळाशार. समोर, खूप लांब, बायकोचा ब्लॉक गुलाबी. आणि आमच्या निळ्याच्या बरोबर मध्ये एक गुलाबी ठिपका. तो मी.

"काका, तुमचा गुलाबी का?"

"बिघडला असेल."

तिनं माझा फोन बघितला. "काका, हे सी आहे! तुम्ही एचमध्ये बसलाय!"

"सीमध्ये माझी बायको बसलीय."

"काका..." एवढंच ती म्हणाली आणि फोन माझ्या हातात परत ठेवला.

पुढच्या रांगेतल्या मुली तिच्याइतक्या हळव्या नव्हत्या. "ओ काका, बंद करा ना तो! सगळा समुद्र खराब होतोय!" (सगळ्या दिव्यांना मिळून त्या समुद्र म्हणतात.) मी बटण दाबलं. दिवा उघडझाप करायला लागला. पुन्हा दाबलं, आणखी भराभर करायला लागला. स्वेटरखाली दडवला, तर छातीतून गुलाबी उजेड फाकला. पाणीपुरवठा खात्यातल्या माणसानं एवढं लक्ष वेधून घेणं बरं नव्हे.

आणि नेमकं तेव्हाच गाणं संपलं. मुलं दम खात स्टेजवर गप्पा मारायला लागली. बारा हजार माणसं चिडीचूप. धाकटा चालत चालत सी ब्लॉकपुढं जाऊन उभा होता. तो तिथून वळला, आमच्या बाजूला आला, कपाळावर हात धरून वर बघितलं आणि काहीतरी बोलला.

तारेवाली किंचाळली, "काका, तुमच्याकडे बघतोय! दिवा वर करा!" आणि माझा हात धरून असा काही वर खेचला की कोपर माझ्याच नाकावर बसलं. चष्मा उडाला. चष्म्याशिवाय मला पुढची रांगसुद्धा दिसत नाही.

"कुठाय तो?"

"समोर, काका! कॅमेरापण तुमच्यावर आहे!"

समोर धुकं होतं. धुक्यातून एक कोवळा आवाज पुन्हा तेच काहीतरी बोलला.

"काय म्हणतोय गं?"

"विचारतोय, तिकडे एकटेच आहात का?"

मी 'हो' अशी मान हलवली. गंमत म्हणून नाही हलवली. दोन वर्षांत हे मला कुणीही विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते चार हजार मैलांवरून आलेल्या एका पोरानं, न कळणाऱ्या भाषेत, बारा हजार माणसांदेखत. माझे डोळे भरून आले. सगळा हॉल "ओऽऽ" म्हणाला. तारेवालीनं सांगितलं की मग त्यानं बोटांचा बदाम करून माझ्याकडे पाठवला. मला ते दिसलं नाही. चष्मा शेवटच्या गाण्यानंतर खुर्चीखाली सापडला, तिच्या बुटाजवळ. फुटला नव्हता, एवढं नशीब.

कार्यक्रम संपल्यावर मी सी ब्लॉकच्या दारापाशी जाऊन उभा राहिलो. मैत्रिणींबरोबर बायको बाहेर आली. डोळे लाल झाले होते.

"अगं, मीही आलो होतो."

"बघितलं. पडद्यावर. चांगले वीस फूट उंच होतात."

"मग?"

"मग काय? दोन वर्षं मी त्याची भाषा शिकतेय. चार वह्या भरल्या. सकाळपासून रांगेत उभी होते, या पायावर. तो माझ्यापासून वीस पावलांवर आला होता हो! मी हाक मारायला तोंड उघडलं, आणि त्यानं पाठ फिरवली. का? तर तुमच्याकडे बघायचं होतं!"

ती बसमध्ये मैत्रिणींच्यात जाऊन बसली. मला ड्रायव्हरमागची जागा मिळाली. वाटेत ड्रायव्हरनं मला कुणाचा तरी बाप समजून सहानुभूती दाखवली, ती मी घेतली.

पुढं चार दिवस ती माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. पूर्वी ती बोलायची नाही कारण मी तिच्या लक्षात नसायचो. आता पक्का लक्षात होतो म्हणून बोलत नव्हती. ही प्रगतीच म्हणायची. तरी पलंगाच्या कडेला पडून मी छताकडे बघायचो आणि वाटायचं, होतं ते काय वाईट होतं? निदान हात तरी वर व्हायचा.

पाचव्या दिवशी संध्याकाळी मी चहा घेत होतो. तिनं कानावरचे हेडफोन काढले, टेबलावर ठेवले, खुर्ची ओढली आणि माझ्यासमोर बसली.

"कसं बघितलं त्यानं?"

"अं?"

"तुमच्याकडे. नेमकं कसं बघितलं? सगळं सांगा."

खरं सांगायचं तर धुकं दिसलं होतं. मी टेबलावरच्या हेडफोनकडे बघितलं. दोन वर्षांत ते असे माझ्यामुळे पहिल्यांदाच उतरले होते.

"आधी जरा खाली बघितलं," मी म्हणालो. "मग सावकाश मान वर केली."

"किती अंशात?"

"असेल पंचेचाळीस."

"आणि डोळे?"

"ओले होते."

"मला वाटलंच!" असं म्हणून तिनं माझ्या हातावर हात ठेवला.

आता हे रोज चालतं. चहा झाला की ती समोर येऊन बसते आणि मी सांगतो. पापणी दोनदा लवली. ओठ थरथरले. डाव्या गालाला खळी पडली. ती चुका काढते ("काल तुम्ही उजव्या म्हणालात!"), मी सारवासारव करतो, ती रागावते, मी चिडतो. दोन वर्षांत आम्ही इतकं बोललो नव्हतो. आणि बोलताना ती थेट माझ्या डोळ्यांत बघते, कितीतरी वेळ. तिथं ती कुणाला शोधते ते मला कळतं. मी आपला पापणी न हलवता बसून राहतो.

परवा बोलता बोलता तिनं अलगद माझा चष्मा काढला. नवीन लग्न झालेलं असताना ती असाच काढून पुसून द्यायची. मला अगदी गलबलून आलं.

"हाच होता ना तेव्हा डोळ्यांवर?" तिनं विचारलं.

"हाच," मी म्हणालो. "पूस ना जरा, डाग पडलेत."

"वेडे आहात का? यातूनच बघितलंय त्यानं तुम्हाला!"

तिनं चष्मा उचलला आणि काचेच्या कपाटात, धाकट्याच्या फोटोशेजारी नेऊन ठेवला. कपाटाची किल्ली तिच्याकडे असते. त्यामुळे सध्या मी बारा वर्षांपूर्वीचा चष्मा लावतो. त्याचा नंबर कधीच मागं पडलाय. संध्याकाळी ती समोर बसून इतक्या मायेनं माझ्याकडे बघते, असं आपलं मी धरून चालतो. कारण तिचा चेहरा मला दिसत नाही. अगदी धाकट्यासारखाच.