देवरावकाकांचं आभारप्रदर्शन

आमच्या मानवतच्या गल्लीत देवरावकाकांना कुणी पाणी दिलं, की ते आधी पाण्याचे आभार मानतात, मग तांब्याचे, मग देणाऱ्याचे. तोवर पाणी कोमट होतं.

काका जिनिंगमध्ये मुनीम होते. कापसाच्या धुळीनं जडलेला खोकला सेनेगा नावाच्या होमिओपॅथीच्या थेंबांनी गेला, असं त्यांचं म्हणणं. मग ते औषध कुठल्या मुळीचं, ती मुळी कुणाची, असं मोबाइलवर शोधत काका थेट अमेरिकेतल्या सेनेका लोकांपर्यंत पोचले.

"लय कदरदान लोकं हायेत गड्या! चार माणसं जमली की आधी माती, पाणी, झाडपाला, सगळ्यांचे आभार. त्यांची भाषा बोलणारे आता मूठभर उरलेत. एक शब्द आपुन सांभाळला तर काय बिघडलं?"

तो शब्द 'न्यावें', म्हणजे धन्यवाद. काका तो भाजीवाल्यालाही म्हणतात. तो बिचारा घाबरून कोथिंबीर जास्त देतो.

वाचनालयाच्या कार्यक्रमात आभार मानायला मी मुद्दाम काकांनाच उभं केलं. मी चिटणीस, म्हणजे सतरंज्या उचलणारा. माझी तेवढीच करमणूक. काका नवा सदरा घालून आले. मातीपासून सुरुवात झाली. पाणी झालं, मुळ्या झाल्या, पाखरं झाली. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडायचेच बाकी. पण काका चांदण्यांवर पोचले तेव्हा पोटात कावळे ओरडायला लागले, आणि मी माइकवाल्याला खूण केली. माइक बंद.

काकांना ते कळलंच नाही. मी शेजारी उभा, म्हणून मला तेवढं ऐकू आलं.

"आता सुमन. माझ्या खोकल्यापायी हिनं जन्मभर झोप मोडली. पर घरच्या माणसाला कुणी धन्यवाद म्हणतं का? मराठीत जीभ रेटंना, म्हणून परक्यांचा शब्द शिकलो. सुमन, न्यावें."

सुमनकाकू पार मागं, बायकांत बसल्या होत्या.

पंगतीत वाढताना त्या माझ्यापाशी थांबल्या. "काय रे, शेवटी माझ्याकडं बघून काय बोलले हे?"

माइक मीच बंद करायला लावला, हे सांगायची हिंमत होईना. घास गिळत म्हणालो, "मुळीबद्दलच काहीतरी होतं, काकू."

"दुसरं काय असतंय म्हणा!" काकू हसल्या.

समोरच्या पंगतीतून काका आमच्याकडेच बघत होते. बायको हसली, एवढंच त्यांना दिसलं. त्यांनी लाजून मान खाली घातली.