धरमतरचा सारस

रोह्याच्या अय्यूबभाईंचं पत्र दिवाळीआधी आलं होतं आणि नाथाकाका म्हात्र्यांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. अय्यूबभाई पक्ष्यांच्या फोटोंचं प्रदर्शन भरवणार होते. ‘पेणच्या वाचनालयातली पक्ष्यांची सगळी पुस्तकं तुम्ही वाचलीत. तुमच्याकडचा एक तरी फोटो पाठवा,’ एवढंच मागणं. काका उत्तर लिहीत आणि फाडत. पुस्तकाबाहेरची साळुंकीसुद्धा त्यांना छातीठोकपणे ओळखता येत नसे.

शेवटी धोंडुबाईंनीच फर्मान काढलं, “रविवारी धरमतरला जायाचं. एक पाखरू टिपा आन् त्या मानसाला जवाब द्या. तुमचे उसासे आयकून कान किटले माजे!”

मुलानं, हितेशनं, गाडी काढली. सून प्रतिक्षा गणपतीच्या कारखान्यात मूर्तींचे डोळे आखायची. तीही खाडा करून आली.

खाडीच्या बांधावर काकांनी दुर्बीण लावली आणि ते जागच्या जागी खाली बसले.

“सारस! इकडे येतच नाही तो! बसा खाली, हलू नका!”

सगळे चिखलात बसले. धोंडुबाईंनी पोह्याचा पापड मोडला तशी काका कळवळले, “अगो, हळू!”

“पापड बिनआवाजाचा कसा खायचा, त्ये लिवलंय का पुस्तकात?”

“बाबा, मला बघू द्या ना,” प्रतिक्षा म्हणाली.

“श्श! काय पाणीदार डोळा आहे! अशी करणी निसर्गाचीच. माणसाच्या हाताला जमायची नाही.” दुर्बीण मात्र त्यांनी कुणाला दिली नाही.

“मोबाईलमधे नुसता ठिपका येतोय,” हितेश कुरकुरला. “हलत कसा नाय पन हा?”

“ध्यानस्थ असतो तो.”

भरती सुरू झाली. पाणी सारसाच्या गुडघ्यांना लागलं, मग पोटाला. ध्यान काही सुटेना.

“अवो, बुडंल तो!” धोंडुबाई उठून उभ्या राहिल्या.

“पाय अडकला असेल बिचाऱ्याचा!” काका म्हणाले. एसटीत ‘थांबवा’ म्हणायची लाज वाटून पुढच्या थांब्यावर उतरणारा हा माणूस पँट दुमडून थेट चिखलात घुसला. तेवढ्यात सारस कलंडला. काकांनी झेप घेऊन त्याला मिठी मारली, आणि दोघेही कमरेपर्यंत रुतले.

काकांनी सारसाच्या पोटावर बोटानं टकटक केलं.

“हितेश,” बारीक आवाजात हाक आली, “हा पोकळ आहे रे.”

हितेशनं आधी फोटो काढला, मग वडलांना. हसता हसता तोही एकदा आडवा झाला. प्रतिक्षा मात्र हसत नव्हती. ती ओढणीनं सारसाच्या डोळ्यावरचा चिखल पुसत होती.

“बाबा, ही आखणी माजी हाय. नागोठण्याच्या हॉटेलवाल्याच्या बागेसाठी फायबरचा केलेला आम्ही. पुरात व्हाऊन गेला म्हनत होते शेठ.”

“हा डोळा तू काढलास?”

“व्हय. गणपतीचा डोळा शांत लागतो, हॉटेलवाल्याला हवा होता भित्रा. नमुना सुचंना.” ती अडखळली. “दार वाजलं की तुम्ही पेपरावरून बघता ना, तसा काढला.”

धोंडुबाईंनी वाकून एकदा सारसाकडे पाहिलं, एकदा नवऱ्याकडे. “व्हय गो! ह्येच ते डोले!”

“ज्याचा त्याला देऊ,” काका म्हणाले, “पण आधी घरी नेऊन धुऊ.”

परतताना सारसाची मान गाडीच्या खिडकीबाहेर होती. रामवाडीला लोक थांबून बघू लागले. एरवी काका मान खाली घालून बसले असते. आज ते काच खाली करून न विचारणाऱ्यांनाही सांगत होते, “सुनेनं केलाय! माझ्या सुनेनं!”

त्या आठवड्यात त्यांनी उत्तर लिहिलं. सोबत फोटो होता: चिखलात माखलेले दोन जीव, चार सारखेच भेदरलेले डोळे. ‘अय्यूबभाई, फोटो मुलानं काढला, सारस सुनेनं केला. मी फक्त फसलो. पण इतकी पुस्तकं वाचलेला माणूस फसला, यावरून तिचा हात केवढा ते समजा. प्रदर्शनात नाव तिचंच लावा.’

पाकीट पेटीत पडल्याचा आवाज झाला आणि नेहमीप्रमाणे शंका आलीच, चिखलातला फोटो पाठवायला नको होता का? काकांनी पेटीत बोटं घालून पाहिली. पोचत नव्हती. मग ते समाधानानं घराकडे निघाले.