ओवुसूसाहेबांचा सत्कार

“सर, तुमच्या गावच्या इलेक्शनमध्ये तुम्ही कुठल्या पार्टीचे?”

हे विचारून दाखव, अशी पैज माझ्या वर्गातल्या साजिदा आणि यम्नाने लावली होती. आखातातल्या आमच्या अख्ख्या अल मजाज वस्तीत माझ्याइतकी धीट मुलगी नाही, त्यामुळे मी लगेच हो म्हटलं. शिवाय नववीचा माझा प्रोजेक्टच तो होता: आफ्रिकेतल्या स्थानिक निवडणुका आणि राजकीय पक्ष. बाबांचे मॅनेजर ओवुसूसाहेब घानाचे, आणि शुक्रवारी आमच्याकडेच जेवायला येणार. म्हणजे घरबसल्या मार्क!

पण साल होतं २००९, मंदीचं. जबल अलीतल्या बाबांच्या ऑफिसात दर आठवड्याला कोणीतरी टेबल आवरून घरी जात होतं आणि त्यांची यादी ओवुसूसाहेब करत होते. म्हणून आईने पुरणपोळ्या केल्या, वर शाल-श्रीफळ देऊन सत्कारही ठरवला.

“अगं, तो बॉस आहे, कीर्तनकार नाही,” बाबा म्हणाले.

शाल मी निवडली. नेटवर घानातल्या एका पक्षाचा झेंडा सापडला. रोलाच्या बाजारातून अगदी त्याच रंगांची आणली.

शुक्रवारी आईने साहेबांच्या खांद्यावर शाल घातली, हातात नारळ दिला. मी फोटो काढला आणि प्रश्न टाकला.

ओवुसूसाहेबांनी शालीकडे पाहिलं. “आमच्याकडे गावच्या निवडणुकीत पक्षांना बंदी आहे. झेंडा नाही, रंग नाही. माझी बायको पुढच्या वर्षी उभी राहतेय. हा फोटो तिकडे गेला तर खलास.”

“आभा, डिलीट कर!” म्हणत बाबांनी शाल खेचली. नारळ सुटला आणि थेट साहेबांच्या पायावर!

पुढची दहा मिनिटं बाबा साहेबांच्या अंगठ्याला फ्रोजन मटारची पिशवी लावून जमिनीवर बसले होते. पांढरेफटक. आई देवाकडे तोंड करून काहीतरी पुटपुटत होती.

मी हळूच विचारलं, “पक्ष अजिबातच नसतात?”

“कागदावर नसतात. गावात कोण कोणाचा, ते शेळ्यांनाही माहीत असतं.” साहेबांना एकदम हसू फुटलं. “मागच्या वेळी मी उभा होतो. पक्ष इतका नीट लपवला, की माझ्याच पक्षाने मला मत दिलं नाही.”

मग ते बाबांना म्हणाले, “ऊठ आता, सुरेश. शेवटची यादी काल गेली. तू त्यात नाहीस.”

बाबा उठलेच नाहीत. तिथेच मटारची पिशवी कपाळाला लावून बसले. आईने साहेबांच्या पानात चौथी पोळी वाढली. त्यांनी तीही संपवली.

दार लागल्यावर मी दोघांना सांगून टाकलं, “मी ठरवलंय. मोठेपणी नोकरी नाही करणार. निवडणुकीला उभी राहणार. एकदा हरलं की चार वर्षं काही टेन्शन नाही.”